लवंग, व्हॅनिला आणि पुरुषी सुगंध

पुरुषांच्या सुगंधांत गोड-मसालेदार सुगंधांचे कुळ सर्वांत वादग्रस्त आहे. लवंग, दालचिनी, जायफळ यांचा तिखट उबदारपणा आणि त्याखाली व्हॅनिला, टोंका बी यांचा गोडवा, अशी त्याची घडण असते. ज्याला तो रुचतो त्याला थंडीत अंगावर शाल ओढल्यासारखे वाटते. ज्याला रुचत नाही तो त्याला गुळचट म्हणतो आणि डोके उठल्याची तक्रार करतो. हा मतभेद केवळ लहरीचा नाही. त्याची मुळे या कुळाच्या इतिहासात आहेत.

या कुळाची सुरुवात एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रातून झाली. नैसर्गिक व्हॅनिला महाग होता, कारण त्याच्या वेलीच्या फुलांचे परागण हातानेच करावे लागे. विल्यम हेन्री पर्किन याने १८६८ मध्ये कुमारिन प्रयोगशाळेत तयार केले. टोंका बीमध्ये आढळणाऱ्या या द्रव्याला वाळत्या गवताचा गोडसर वास असतो. १८७४ मध्ये फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी व्हॅनिलिन बनवले. त्यामुळे गोडवा स्वस्त झाला आणि हवा तेवढा मिळू लागला. पॅरिसच्या उबिगाँ या पेढीसाठी पॉल पार्के याने १८८२ मध्ये ‘फुझेर रॉयाल’ तयार केला. त्यात कुमारिन होते. गेर्लँ या पेढीच्या १८८९ च्या ‘जिकी’मध्ये लव्हेंडरच्या स्वच्छ वासाखाली व्हॅनिलिन आणि कस्तुरीमांजराचा प्राणिज वास होता. तो स्त्री-पुरुष दोघांनीही वापरला. गोड वास बायकी, ही समजूत तेव्हा आजच्याइतकी पक्की नव्हती. कॅराँ या पेढीने १९३४ मध्ये लव्हेंडर आणि व्हॅनिला यांच्या जोडीवर एक सुगंध बांधला आणि त्याच्या नावातच ‘पुरुषासाठी’ असे घातले.

मसाल्याला घरोघरी नेले ते अमेरिकेतील ‘ओल्ड स्पाइस’ने. शुल्टन कंपनीने हे नाव १९३७ मध्ये प्रथम स्त्रियांच्या उत्पादनांवर घातले. पुरुषांसाठीची मालिका १९३८ मध्ये आली. तिची बाटली दुधासारख्या पांढऱ्या रंगाची होती, तिला निमुळते टोपण होते आणि पोटावर शिडाचे जहाज रंगवलेले होते. ही जहाजे ‘ग्रँड टर्क’ आणि ‘फ्रेंडशिप’ अशा खऱ्या अमेरिकी व्यापारी जहाजांवरून घेतली होती. बाटलीतला वास मुख्यतः लवंग, दालचिनी आणि कार्नेशनचा होता आणि शेवटी व्हॅनिलाचा मऊपणा उरत असे. भारतातही दाढीनंतर गालाला चुरचुरणारे हे आफ्टरशेव्ह अनेक घरांत वडिलांची खूण ठरले. म्हणूनच त्याबद्दलची मते पिढीप्रमाणे बदलतात. एकाला त्यात घरातला रविवार सकाळचा आरसा आठवतो, तर दुसऱ्याला तो म्हाताऱ्या माणसांचा वास वाटतो.

गोडव्याची खरी लाट १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. १९८९ मधील ‘जूप! ऑम’ दालचिनी, नारिंगी फूल आणि व्हॅनिलाने भरलेला होता आणि त्याचा द्रवही गुलाबी होता. १९९२ मध्ये थिएरी म्युग्लरच्या ‘एंजल’ने कॅरमेलचा वास स्त्रियांच्या सुगंधात आणला, १९९६ मध्ये त्याच घराण्यातल्या ‘ए-मेन’ने कॉफी, कॅरमेल आणि डांबराची छटा पुरुषांपुढे ठेवली. त्याआधी, १९९५ मध्ये, पंचविशीतल्या फ्रान्सिस कुर्कजियाँने जाँ पॉल गोतिएसाठी ‘ल माल’ रचला होता. पुदिना आणि लव्हेंडर हा न्हाव्याच्या दुकानातला ओळखीचा वास, आणि त्याखाली दालचिनी व भरपूर व्हॅनिला. बाटली पुरुषाच्या धडाच्या आकाराची, तिच्यावर खलाशाच्या बनियनचे पट्टे. नावाचा अर्थ ‘नर’, आणि वास मिठाईचा! हा विरोध मुद्दाम साधलेला होता. काहींनी त्यात पुरुषीपणाची नवी व्याख्या पाहिली, काहींना तो नाचगाण्याच्या क्लबांतला भपकारा वाटला. पण तो जगभर खपला.

एकाच बाटलीबद्दल इतकी वेगळी मते का पडतात, याची तीन कारणे देता येतात. पहिले कारण नाक. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध लावला. त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार असतात आणि ते सर्वांचे सारखे नसतात. काही कृत्रिम कस्तुरी अनेकांना जाणवतच नाहीत. शिवाय सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते, म्हणून लावणारा पुन्हा फवारा मारतो आणि शेजारचा त्रासतो. दुसरे कारण हवा. उष्णतेने सुगंधी द्रव्ये लवकर उडतात. डिसेंबरात मंद दरवळणारा तोच वास मे महिन्यात गुदमरवतो. तिसरे कारण घटकांतील बदल. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमल आणि कुमारिन यांची काहींना अॅलर्जी होते. युरोपीय संघाने २००३ मध्ये अशी २६ द्रव्ये ठरावीक प्रमाणापुढे वेष्टनावर नावानिशी छापणे बंधनकारक केले. सुगंध उद्योगाच्या संघटनेनेही त्यांच्या वापरावर मर्यादा घातल्या. त्यानुसार अनेक जुन्या सुगंधांची घडण बदलली. जुनी बाटली जपणारा आणि नवी विकत घेणारा एकाच नावावर वाद घालतात, पण दोघांच्या हातातला वास एक नसतो.

असा सुगंध पुरुषाला शोभतो का, या प्रश्नाचे भारतातले उत्तर जुन्या रिवाजात आहे. कनौजमध्ये तांब्याच्या देगेत मसाले, मुळे आणि वनस्पती उकळून त्यांची वाफ भपका या भांड्यात, परंपरेने चंदनतेलावर, उतरवतात. हिना आणि शमामा ही उबदार, मसालेदार अत्तरे अशीच बनतात. ती पुरुषच लावतात किंवा स्त्रियाच, असा भेद तेथे नाही. भेद आहे तो ऋतूचा. हिना आणि शमामा थंडीत, वाळा आणि गुलाब उन्हाळ्यात. लावण्याची मात्राही ठरलेली: अत्तराचा बोळा कानाच्या पाळीत किंवा मनगटावर एक बोट, एवढेच. गोड-मसालेदार सुगंध पुरुषाला शोभतो का, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. तो कोणत्या ऋतूत आणि किती लावला, यावर त्याचे शोभणे ठरते.