बांधणीच्या दुकानांतील वाचक

मुलाच्या हातांत क्रमिक पुस्तक सोडून दुसरें कोणतेंहि पुस्तक दिसलें कीं, आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनसुद्धां एक प्रकारची अस्वस्थता उत्पन्न होते. ‘अवांतर वाचन’ हा शब्दच मोठा सूचक आहे. जें क्रमिक नव्हे तें अवांतर, आणि जें अवांतर तें बहुधा वायफळ, अशी समजूत त्या शब्दांत दडलेली आहे. ही समजूत इतरांचीच आहे असें म्हणण्याचा मात्र मला अधिकार नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वी माझीं कांहीं जीर्ण पुस्तकें मीं एका बाइंडराकडे दिलीं होतीं. ठरल्या दिवशीं तीं मिळालीं नाहींत म्हणून चौकशीस गेलों, तों दुकानांतील चौदा-पंधरा वर्षांचा पोऱ्या माझ्याच पुस्तकांपैकीं एक मांडीवर उघडून वाचीत बसलेला दिसला. मीं मालकाजवळ तक्रार केली. मालकानें पोराच्या हातांतून पुस्तक हिसकून घेतलें. दुसऱ्या दिवशीं पुस्तकें घरीं आलीं आणि मी ती गोष्ट विसरून गेलों. पुढें मायकेल फॅरेडेचें चरित्र व त्याचीं पत्रें वाचतांना ती एकाएकीं आठवली, आणि तेव्हांपासून ती मनांतून गेलेली नाहीं.

फॅरेडेचा जन्म इ. स. १७९१ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेस लंडनजवळ न्यूइंग्टन येथें एका लोहाराच्या घरीं झाला. बाप प्रकृतीनें अशक्त, त्यामुळें मिळकत बेताचीच. १८०१ सालच्या महागाईंत या नऊ वर्षांच्या मुलाच्या वाट्यास एक पाव येई व तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे, असें त्याचे चरित्रकार सांगतात. वाचणें, लिहिणें व थोडें अंकगणित एवढ्यावर शाळा संपली. १८०४ सालीं तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे हरकाम्या म्हणून राहिला. वर्तमानपत्रें महाग असल्यामुळें तीं भाड्यानें वाचावयास देण्याची तेव्हां पद्धत होती. तीं घरोघर पोंचविणें व वाचून झालीं कीं परत आणणें, हें त्याचें काम. पुढील वर्षीं, ७ ऑक्टोबर १८०५ रोजीं, तो तेथेंच सात वर्षांच्या करारानें पुस्तकबांधणी शिकूं लागला. अशा उमेदवारीबद्दल मालकास कांहीं रक्कम देण्याचा रिवाज असे. परंतु पोराची इमानी चाकरी पाहून रीबोनें ती घेतली नाहीं.

बांधणीसाठीं आलेलीं पुस्तकें हा पोर वाचूं लागला, आणि वाचनाबरोबर टिपूनहि ठेवूं लागला. १८०९-१० च्या सुमारास, म्हणजे अठराव्या वर्षीं, त्यानें ‘फिलॉसॉफिकल मिसेलनी’ या भारदस्त नांवाची एक वही तयार केली. मासिकें, वर्तमानपत्रें व मिळतील त्या ग्रंथांतून वेंचलेले उतारे तींत आहेत. आकाशांतील वीज, वीज सोडणारे मासे, उल्कापाषाण, हिम कसें बनतें, दोन द्रव पदार्थ मिसळून घन पदार्थ कसा करावा, अशा नाना विषयांचा तींत बाजार भरलेला आहे. बाटलीचें घट्ट बसलेलें कांचेचें बूच कसें सैल करावें, ही स्त्रियांच्या एका मासिकांतील युक्तिसुद्धां त्यानें टाकली नाहीं. एखाद्या व्यवहारी पालकानें ही वही पाहिली असती तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असाच अभिप्राय दिला असता! परंतु वहीच्या आरंभीं तिचा जो हेतु सांगितला आहे तो लक्षांत घेण्याजोगा आहे. मनोरंजन व ज्ञान हे हेतु आहेतच. पण त्यांशिवाय, जगांत नित्य नवीं निघणारीं मतें खरीं ठरतात कीं खोटीं, हें या वेंच्यांवरून पडताळून पाहावें, असाहि त्याचा मानस होता. चिंध्या गोळा करणाऱ्या त्या हाताला सुईदोरा ठाऊक होता, असें यावरून दिसतें.

त्याच्या आवडत्या पुस्तकांत आयझॅक वॉट्सचें ‘मनाची सुधारणा’ या विषयावरील पुस्तक होतें. वाचतांना टिपणें करावीं, व्याख्यानें ऐकावीं, मित्रांशीं पत्रव्यवहार ठेवावा, हा त्यांतील उपदेश त्यानें अक्षरशः पाळला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा खंड बांधतां बांधतां विजेवरील लेख त्याच्या हातीं लागला. आणि तिसरें पुस्तक म्हणजे मिसेस जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील ‘संवाद’. एक गुरुबाई व तिच्या एमिली आणि कॅरोलाइन या दोन शिष्या यांच्या संभाषणाच्या रूपानें लिहिलेलें हें पुस्तक मुख्यतः स्त्रियांकरितां होतें. १८०५-०६ च्या सुमारास तें प्रसिद्ध झालें तेव्हां त्यावर लेखिकेचें नांवहि नव्हतें. तिला तें लिहावेसें वाटलें, तें रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हंफ्रे डेव्हीचीं व्याख्यानें ऐकून. प्रथम तीं तिला नीटशीं उमगलीं नाहींत. एका स्नेह्याशीं बोलतां बोलतां उमगलीं. तो समजण्याचा मार्गच तिनें पुस्तकांत मांडला. अर्थात् डेव्हीचें ज्ञान एका बाईच्या लेखणींतून एका बाइंडराच्या पोरापर्यंत पोंचलें, आणि तेथून तें पोर पुढें डेव्हीच्याच दारीं गेलें.

१८५८ सालीं, मार्सेटबाईंच्या निधनानंतर, फॅरेडेनें द ला रीव या स्नेह्यास जें पत्र लिहिलें, त्यांत त्यानें आपल्या बालपणच्या बुद्धीचें वर्णन केलें आहे. आपण खोल विचार करणारे नव्हतों, कल्पनेच्या भरांत वाहणारे होतों. विश्वकोशावर जितक्या सहज विश्वास ठेवीत असूं तितक्याच सहज अरेबियन नाइट्सवर ठेवीत असूं, असें तो सांगतो. ज्या गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणल्या व आपल्यापैकीं पुष्कळांनीं दिव्याखालीं लपूनछपून वाचल्या, त्याच या गोष्टी! मग या मुलाला तारलें कशानें? प्रत्यक्ष वस्तुस्थितीनें, असें त्याचें उत्तर आहे. पुस्तकांतील विधान जमेल त्या लहानशा प्रयोगानें तो ताडून पाही. मार्सेटबाईंचें पुस्तक या कसोटीस उतरलें म्हणून तें त्याला नांगरासारखें वाटलें. पुढें नांवलौकिक झाल्यावर तो आपले निबंध या बाईंकडे कृतज्ञतेनें पाठवीत असे.

ताडून पाहण्याची साधनें मात्र दरिद्री होतीं. जुलै १८१२ मध्यें बेंजामिन अ‍ॅबट या मित्राला लिहिलेल्या पत्रांत विजेचा घट स्वतः बनविल्याची हकीकत आहे. हाफपेनीएवढ्या जस्ताच्या सात चकत्या कापल्या, त्यांना जोडीला तांब्याचीं सात हाफपेनी नाणीं घेतलीं, आणि मध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागदाचे तुकडे घातले. हें सर्व मीं, मीं स्वतः केलें, हें सांगतांना त्या वीस वर्षांच्या तरुणाला उद्गारचिन्हें पुरेनाशीं झालीं आहेत.

अशा चरित्रांवरून ‘इच्छा तेथें मार्ग’ हें तात्पर्य काढून आपण मोकळे होतों. गरीब मुलगा स्वतःच्या हिंमतीवर मोठा झाला, असें म्हटलें कीं भोंवतालच्या माणसांवर कांहीं जबाबदारी उरत नाहीं. पण कागदपत्रें निराळें सांगतात. १८१० व १८११ सालीं टेटम यांच्या घरीं होणाऱ्या शास्त्रीय व्याख्यानांना एक शिलिंग फी पडे. ती त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट, स्वतः लोहारकाम करून, देत असे. रीबोच्या घरीं भाडेकरू असलेल्या मास्केरिए नांवाच्या चित्रकारानें त्याला यथादर्शन चित्रकला शिकविली. मोबदला म्हणून फॅरेडे त्याची खोली झाडी व बूट पुशी. त्या विद्येमुळें त्याच्या टिपणांत उपकरणांचीं चित्रें आलीं. तीं टिपणें त्यानें चार खंडांत बांधून रीबोलाच अर्पण केलीं. रीबोनें तीं अभिमानानें एका गिऱ्हाइकाला दाखविलीं. त्यांतूनच रॉयल इन्स्टिट्यूशनचे सभासद विल्यम डान्स यांच्याकडून डेव्हीच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें १८१२ च्या वसंतांत त्याला मिळालीं.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पाठविलेल्या अर्जाला उत्तर आलें नाहीं. मग डेव्हीच्याच व्याख्यानांचीं टिपणें सुबक बांधून डिसेंबर १८१२ मध्यें त्यानें तीं डेव्हीकडे पाठविलीं. डेव्हीनें भेट दिली, पण सल्ला दिला तो बांधणीचा धंदा न सोडण्याचा! तेवढ्यांत तेथील एका मदतनिसास मारामारीबद्दल काढून टाकण्यांत आलें, आणि १ मार्च १८१३ रोजीं आठवड्यास पंचवीस शिलिंग व माळ्यावरच्या दोन खोल्या यांवर फॅरेडेची नेमणूक झाली. १८३१ च्या ऑगस्टच्या २९ तारखेस त्यानें लोखंडी कड्यावर तारा गुंडाळून जो प्रयोग केला, त्याच्या तत्त्वावर आजचीं वीजघरें चालतात. मुलांसाठीं नाताळांत होणाऱ्या व्याख्यानांच्या एकोणीस माला त्यानें स्वतः दिल्या. तरुण वाचकाचें ऋण त्यानें तरुण श्रोत्यांना फेडलें.

येथें कोणी म्हणेल कीं, दुकानांतील प्रत्येक पोऱ्या कांहीं फॅरेडे होत नाहीं. खरें आहे. पण रीबोनें त्याला वाचूं दिलें तें तो पुढें फॅरेडे होणार म्हणून नव्हे. १८०५ सालीं तें कोणास ठाऊक होतें? समोर एक मुलगा पुस्तकांत रमलेला आहे, त्याला रमूं द्यावें, एवढाच त्याचा विचार असावा. जिज्ञासा मोठी झाल्यावर तिचे सत्कार करणारे पुष्कळ भेटतात. ती लहान असतांना, कामाचा खोळंबा होत असतांना, तिला अर्धा तास देणारा मनुष्य विरळा. आणि तो अर्धा तास देणें आपल्यापैकीं प्रत्येकाच्या हातीं असतें. मीं तो दिला नाहीं. त्या दिवशीं त्या पोऱ्याच्या मांडीवर माझें कोणतें पुस्तक होतें, हेंसुद्धां मीं विचारलें नाहीं.