ऑसिलोस्कोपची निवड

ऑसिलोस्कोप किंवा दोलनदर्शक हे विद्युतदाबात काळानुसार होणारा बदल पडद्यावर आलेखाच्या रूपात दाखवणारे मापनयंत्र आहे. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर विद्युतदाब दर्शवला जातो. मल्टिमीटर दाबाचे एकच मूल्य सांगतो, तर ऑसिलोस्कोप त्या दाबाची तरंगाकृती, तिची वारंवारता, तीत मिसळलेला गोंगाट आणि क्षणार्धात येऊन जाणारे स्पंद दाखवतो. हे यंत्र निवडताना सर्वसाधारणपणे बँडविड्थ, नमुनादर, स्मृती, उभी विभेदनक्षमता, चॅनेलची संख्या आणि प्रोब यांचा विचार केला जातो. जाहिरातीत बँडविड्थचा आकडा सर्वांत ठळक असतो. मात्र विद्युतपुरवठ्याशी थेट जोडलेल्या उपकरणांच्या दुरुस्तीत प्रोब आणि सुरक्षितता यांचे महत्त्व त्याहून अधिक ठरते.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्हा हे या भेदाचे चांगले उदाहरण आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानासाठी आणि भात गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत भौतिकशास्त्राच्या व अणुविद्युत अभ्यासक्रमाच्या प्रयोगांसाठी ऑसिलोस्कोप लागतो. राइस मिलमधील मोटार ड्राइव्ह, तांदळातील काळे दाणे वेगळे करणारी सॉर्टेक्स यंत्रे, सौर कृषिपंपांचे नियंत्रक आणि इन्व्हर्टर यांच्या दुरुस्तीतही तो लागतो. या दोन गरजा एकाच यंत्राने भागतील असे गृहीत धरले जाते, पण बहुतेकदा तसे होत नाही.

पार्श्वभूमी

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये ऋण किरण नलिका तयार केली. तीवर आधारित यंत्रांना ‘सीआरओ’ म्हटले जाते आणि महाविद्यालयांत आजही कोणत्याही ऑसिलोस्कोपला सर्रास याच नावाने ओळखतात. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या टेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीने ट्रिगरवर चालणारी यंत्रे बाजारात आणली. त्यामुळे तरंग पडद्यावर स्थिर ठेवणे आणि त्यावरून अचूक कालमापन करणे सुलभ झाले. भारतीय शिक्षणसंस्थांमध्ये ठाण्याच्या ॲप्लॅब आणि इंदूरच्या सायंटिफिक या कंपन्यांचे २० ते ३० मेगाहर्ट्झचे दोन चॅनेलचे सीआरओ दीर्घकाळ वापरात होते. काही प्रयोगशाळांत ते अजूनही चालू स्थितीत आढळतात. पुढे अंकीय यंत्रांनी त्यांची जागा घेतली. अंकीय ऑसिलोस्कोप येणाऱ्या दाबाचे ठरावीक अंतराने नमुने घेऊन ते स्मृतीत साठवतो. म्हणून त्यात एकदाच घडलेली घटनाही नंतर पाहता येते.

बँडविड्थ

ज्या वारंवारतेला पडद्यावरील तरंगाचा आयाम खऱ्या आयामाच्या सुमारे ७०.७ टक्के एवढा घटतो, ती त्या यंत्राची बँडविड्थ होय. याचा अर्थ १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप १०० मेगाहर्ट्झचा तरंग आधीच जवळजवळ तीस टक्के कमी दाखवत असतो. चौरस तरंगात मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटींतील घटक असतात. म्हणून मोजावयाच्या अंकीय संकेताच्या वारंवारतेच्या किमान पाचपट बँडविड्थ घ्यावी असा व्यावहारिक नियम आहे. आर्डुइनो उनो या विद्यार्थिप्रिय फलकाचे घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे असते. ते नीट पाहण्यासाठी ८० मेगाहर्ट्झ, म्हणजे बाजारात सहज मिळणारे १०० मेगाहर्ट्झचे यंत्र योग्य ठरते.

संकेताला चढण्यास लागणाऱ्या काळावरून केलेला हिशेब अधिक विश्वसनीय असतो. ०.३५ या संख्येला बँडविड्थने भागले असता यंत्राचा स्वतःचा चढकाळ मिळतो. १०० मेगाहर्ट्झच्या यंत्रासाठी तो ३.५ नॅनोसेकंद येतो. राइस मिलच्या मोटारीचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हमधील स्विच साधारण १०० नॅनोसेकंदांच्या आसपास उघडझाप करतात असे धरल्यास त्या कडेत सुमारे ३.५ मेगाहर्ट्झपर्यंतचे घटक महत्त्वाचे असतात. म्हणजे या कामासाठी ५० मेगाहर्ट्झचे साधे यंत्रही पुरून उरते. ध्वनिवर्धकाच्या दुरुस्तीत तर श्राव्य मर्यादाच २० किलोहर्ट्झची असल्यामुळे कोणतेही यंत्र चालते.

याच्या उलट टोकाला पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपसारखी केंद्रे आहेत. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून सुमारे १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या रेडिओलहरी टिपल्या जातात. अशा संकेतांसाठी महागडा ऑसिलोस्कोप हे उत्तर नसते. गोंगाटापेक्षाही क्षीण अशा लहरींचे परीक्षण करण्यास वारंवारतेच्या अक्षावर काम करणारा स्पेक्ट्रम ॲनलायझर उपयोगी पडतो. हौशी रेडिओ परवानाधारकांनाही हीच गोष्ट लागू होते.

नमुनादर आणि स्मृती

अंकीय यंत्र दर सेकंदाला किती नमुने घेते यास नमुनादर म्हणतात. सिद्धांतानुसार तो संकेतातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक हवा. तो कमी पडल्यास पडद्यावर प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेला, कमी वारंवारतेचा आभासी तरंग दिसू शकतो. नवशिक्या विद्यार्थ्यांची फसगत येथेच होते, कारण हा आभासी तरंग अतिशय सुबक असतो. व्यवहारात बँडविड्थच्या चार ते पाचपट नमुनादर पुरेसा मानतात. विक्रीपत्रकातील ‘सेकंदाला १ अब्ज नमुने’ हा आकडा बहुधा एकच चॅनेल चालू असतानाचा असतो. अनेक स्वस्त यंत्रांत चारही चॅनेल लावल्यावर तो २५ कोटींवर येतो.

नमुनादर कितीही मोठा असला तरी स्मृती अपुरी असेल तर तो टिकत नाही. १० लाख नमुन्यांची स्मृती सेकंदाला १ अब्ज या दराने अवघ्या १ मिलिसेकंदात भरते. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचे एक आवर्तन मात्र २० मिलिसेकंदांचे असते. ते संपूर्ण पाहायचे ठरवल्यास यंत्र स्वतःहून नमुनादर ५ कोटींपर्यंत खाली आणते. वरील व्हीएफडीचे एक पूर्ण आवर्तन आणि त्यातील १०० नॅनोसेकंदांची प्रत्येक कड एकाच वेळी पाहायची असेल, तर कडेवर दहा नमुने मिळण्यासाठी दर १० नॅनोसेकंदाला एक नमुना हवा. २० मिलिसेकंदांत असे २० लाख नमुने होतात. तेव्हा येथे बँडविड्थ वाढवण्याऐवजी स्मृती वाढवून घेणे फायद्याचे आहे.

उभी विभेदनक्षमता

बहुतेक अंकीय यंत्रे ८ बिटची असतात, म्हणजे पडद्याची पूर्ण उंची २५६ पायऱ्यांत विभागली जाते. १० व्होल्टच्या पल्ल्यावर एक पायरी सुमारे ३९ मिलिव्होल्टची होते. १२ बिटच्या यंत्रात ४,०९६ पायऱ्या असल्यामुळे तीच पायरी सुमारे २.४ मिलिव्होल्टवर येते. संवेदकांचे क्षीण संकेत, ध्वनिवर्धकातील विकृती किंवा विद्युतपुरवठ्यावरील लहर मोजणाऱ्यांना हा फरक जाणवतो. पूर्वी १२ बिटची यंत्रे व्यावसायिक प्रयोगशाळांपुरती मर्यादित होती. अलीकडे ती घरगुती वापराच्या श्रेणीतही मिळू लागली आहेत.

प्रोब

ऑसिलोस्कोपसोबत येणाऱ्या साध्या प्रोबवर १× आणि १०× अशी दोन स्थाने असतात. १× स्थानी अशा प्रोबची बँडविड्थ सुमारे ६ ते १० मेगाहर्ट्झ एवढीच उरते. १०० मेगाहर्ट्झचे यंत्र घेऊन खटका चुकीच्या बाजूस राहिला, तर वापरणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात जुन्या सीआरओपेक्षाही मंद यंत्र असते. १०× स्थानी संकेत दहापट लहान होतो, पण परिपथावरील भार १० मेगाओहमपर्यंत हलका होतो आणि पूर्ण बँडविड्थ मिळते. त्यामुळे सर्वसाधारण मापनासाठी १०× स्थान वापरतात. यंत्राच्या दर्शनी भागावरील १ किलोहर्ट्झच्या चौरस तरंगाला प्रोब लावून, तरंगाचे कोपरे काटकोनी होईपर्यंत प्रोबमधील लहान स्क्रू फिरवणे, ही प्रत्येक नव्या जोडणीपूर्वीची आवश्यक क्रिया आहे.

विद्युतपुरवठ्यावरील काही मिलिव्होल्टची लहर मोजताना १× स्थान सोयीचे असते. अशा वेळी प्रोबची लांब भूतार (जमिनीची तार) अँटेनासारखी वागून बाहेरचा गोंगाट गोळा करते. म्हणून तिच्या जागी टोकाजवळ बसणारी आखूड स्प्रिंग वापरतात आणि यंत्रातील २० मेगाहर्ट्झची मर्यादा चालू करतात.

अर्थिंग आणि सुरक्षितता

मेजावर ठेवून वापरावयाच्या जवळजवळ सर्व ऑसिलोस्कोपमध्ये प्रोबची भूतार, यंत्राचा धातूचा सांगाडा आणि भिंतीवरील सॉकेटमधील अर्थिंग हे एकमेकांना थेट जोडलेले असतात. मोबाइल चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर किंवा दूरचित्रवाणी संचातील पुरवठा यांची प्राथमिक बाजू मात्र वीजवाहिनीशी जोडलेली असते. तेथील २३० व्होल्टचा पुरवठा डीसीत रूपांतरित झाल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट होतो. ४१५ व्होल्टच्या तीन फेज ड्राइव्हमध्ये हाच दाब सुमारे ५८७ व्होल्टपर्यंत जातो. अशा ठिकाणी प्रोबची भूतार लावताच यंत्रामार्फत जमिनीशी शॉर्टसर्किट होते. प्रोब जळणे, यंत्र निकामी होणे आणि दुरुस्तीसाठी आलेला फलक फुटणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत.

यावर उपाय म्हणून ऑसिलोस्कोपच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत दुरुस्तीच्या दुकानांत रूढ आहे. ती जीवघेणी आहे. पिन काढल्याने शॉर्टसर्किट टळते, पण यंत्राचा सांगाडा, बटणांभोवतीचा धातू आणि दुसऱ्या प्रोबची तार हे सर्व तपासल्या जाणाऱ्या उपकरणाच्या दाबावर येतात. वापरणाऱ्याचा एक हात यंत्रावर आणि दुसरा जमिनीशी जोडलेल्या वस्तूवर असेल, तर विद्युतप्रवाह छातीतून जातो. जुन्या घरांत सॉकेटला तीन छिद्रे असूनही अर्थिंगची तार प्रत्यक्षात जोडलेली नसते. अशा वेळी पिन न काढताही हीच स्थिती निर्माण होते. यंत्राच्या आतील गाळणी परिपथामुळे सांगाड्यावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब येतो आणि स्पर्श केल्यास मुंग्या आल्यासारखे वाटते. ही जाणीव म्हणजे अर्थिंग नसल्याची खूण असते. त्यामुळे घरगुती प्रयोगशाळेत नवे यंत्र लावण्यापूर्वी वीजतंत्रीकडून अर्थिंग तपासून घेणे हा खरेदीचाच भाग समजला पाहिजे.

योग्य पर्याय म्हणजे डिफरन्शियल प्रोब. तो दोन बिंदूंमधील फरक मोजतो आणि त्यांपैकी कोणताही बिंदू जमिनीशी जोडत नाही. त्याची किंमत प्राथमिक श्रेणीच्या ऑसिलोस्कोपच्या बरोबरीस जाऊ शकते, त्यामुळे अनेकजण तो टाळतात. परंतु ड्राइव्ह, इन्व्हर्टर आणि वेल्डिंग यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्यास ५० मेगाहर्ट्झचे साधे यंत्र आणि सोबत १,००० व्होल्टहून अधिक क्षमतेचा डिफरन्शियल प्रोब ही जोडी, त्याच खर्चात येणाऱ्या २०० मेगाहर्ट्झच्या यंत्रापेक्षा निःसंशय अधिक उपयोगी आहे. चॅनेल एकमेकांपासून विलग असलेली, हातात धरावयाची बॅटरीवरील यंत्रे हा दुसरा पर्याय होय. दोन साधे प्रोब लावून एका चॅनेलमधून दुसरे वजा करण्याची युक्तीही चालते, मात्र तिची अचूकता मर्यादित असते.

प्रोब आणि यंत्रावर छापलेली ‘कॅट’ श्रेणी आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१०१० नुसार असते. सॉकेटवर चालणाऱ्या उपकरणांसाठी कॅट २, तर वितरण फलक आणि कायमस्वरूपी जोडलेल्या तीन फेज यंत्रणेसाठी कॅट ३ आवश्यक असते. गिरणीतील पॅनेल दुसऱ्या प्रकारात मोडते.

शैक्षणिक प्रयोगशाळा

गोंदियातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. एकदिशीकरण, प्रवर्धक, लिसाजू आकृत्या आणि धारित्राचे भारण हे तेथील पदवी स्तरावरील नेहमीचे प्रयोग काही किलोहर्ट्झच्या आत संपतात. त्यामुळे एका महागड्या यंत्रापेक्षा साध्या यंत्रांची संख्या वाढवणे विद्यार्थ्यांच्या हिताचे असते, कारण आठ जणांच्या गटात बटण फिरवण्याची संधी एकदोघांनाच मिळते.

नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने फिनिक्स प्रकल्पांतर्गत विकसित केलेले ‘एक्सपआयज’ हे मुक्त आराखड्याचे उपकरण या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ते संगणकाच्या यूएसबी जोडणीवर चालते. त्याच्या मुख्य चॅनेलचा पल्ला अधिक-उणे १६ व्होल्ट असून त्यात संकेतजनकही अंतर्भूत आहे. शालेय व पदवी प्रयोगांना ते पुरेसे आहे, परंतु वीजवाहिनीशी जोडलेल्या कोणत्याही परिपथासाठी ते वापरता येत नाही. यूएसबीवरील यंत्रांचे अर्थिंग संगणकामार्फत होत असल्याने चूक झाल्यास संगणकही गमवावा लागतो.

शासकीय संस्थांची खरेदी निविदेने किंवा ‘जेम’ या शासकीय ई-बाजारातून होते. मागणीपत्रात केवळ बँडविड्थ व चॅनेल लिहिल्यास सर्वांत कमी दराची निविदा बहुधा अपुऱ्या स्मृतीच्या यंत्राची असते. सर्व चॅनेल चालू असतानाचा नमुनादर, प्रति चॅनेल स्मृती, प्रोबची संख्या व श्रेणी आणि हमीचा काळ हे स्पष्ट नोंदवले तर हा प्रश्न येत नाही. ज्या प्रयोगशाळा चाचणीचे प्रमाणपत्र देतात, त्यांना राष्ट्रीय मानकांशी जोडलेले अंशशोधन प्रमाणपत्रही आवश्यक असते. घरगुती वापरासाठी त्याची गरज नसते.

वापरलेली यंत्रे

मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तसेच संस्थांच्या भंगार लिलावांत जुने सीआरओ मिळतात. २० मेगाहर्ट्झचा चालू स्थितीतील सीआरओ ध्वनिवर्धक आणि प्राथमिक शिक्षण यांसाठी आजही उत्तम आहे आणि त्यात आभासी तरंगाचा प्रश्न उद्भवत नाही. खरेदीपूर्वी तो किमान अर्धा तास चालू ठेवून प्रकाशरेषा स्थिर राहते का, पडद्यावर जळका डाग आहे का आणि सर्व पल्ल्यांचे खटके नीट लागतात का हे पाहिले जाते. त्यातील ऋण किरण नलिकेला एक ते अनेक हजार व्होल्टचा दाब लागतो आणि यंत्र बंद केल्यावरही धारित्रांत तो काही काळ साठून राहतो. म्हणून असे यंत्र उघडून दुरुस्त करण्याचे काम अनुभवी व्यक्तीकडे सोपवले जाते. राइस मिलच्या परिसरात वापरलेल्या यंत्रांत तूस आणि कोंड्याची धूळ पंख्याच्या जाळीत साचून ती तापतात, त्यामुळे पंखा व हवेचे मार्ग तपासणेही आवश्यक असते.