विटेवर नाव कुणाचे?

अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एका देशमुख घराण्याचा वाडा होता. मागच्या उन्हाळ्यात तो उतरवला. त्याची मागची भिंत माझ्या आजोबांनी पुन्हा बांधली होती. म्हणून मी रोज जाऊन उभा राहत असे.

देशमुख म्हणजे परगण्याचे वतनदार. सारावसुली त्यांच्या हातून होई. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. पुढे १८६१ पासून रयतवारी आली आणि सारा थेट शेतकऱ्याकडून जाऊ लागला. देशमुखी नावापुरती राहिली. पण त्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. अधिकार गेला, पैसा आला. त्या पैशातून वाडा चढला, असे त्या घरात सांगत.

खाली पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, वर पातळ भाजक्या विटा, घाणीत मळलेला चुना. पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती खोल, दगड दूर. त्यामुळे आमच्याकडे विटेला मान. १७५७ साली पुरा झालेला बाळापूरचा किल्लाही विटांचाच आहे.

वाड्यातल्या आजी मला पाहिले की म्हणायच्या, "मिस्त्रीचा नातू व्हय ना रे तू? ये, च्या पिऊन जा." आजोबांचे नाव मात्र त्यांना आठवत नसे. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत.

आमच्या असदगडाचेही तेच आहे. दहीहांडा वेशीवरच्या लेखात औरंगजेबाचा काळ आणि असदखानाचे नाव. ईदगाहवर ख्वाजा अब्दुल लतीफ यांचे. अगर वेशीवर मराठीत लिहिले आहे की १८४३ मध्ये गोविंद आप्पाजींनी किल्ला बांधला. गावात दोन्ही लिपी नांदल्या, याचा मला अभिमान आहे. पण बांधणाऱ्या हातांचे नाव मला कुठे सापडले नाही. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी गडाचा तटही उतरवला.

वाड्याची पांढरी माती ट्रॅक्टर भरभरून शेतात गेली. जुन्या भिंतीची माती पिकाला खत म्हणून चांगली, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. कापसाच्या पैशातून उभा राहिलेला वाडा असा शेवटी कपाशीच्या मुळाशी गेला. त्याचे मला वाईट वाटले नाही.

एक वीट मी मागून आणली. तिच्यावर ओल्या मातीत उमटलेली तीन बोटे आहेत. आजोबांच्या कितीतरी आधीची, कुणा थापणाऱ्याची.

तुमच्याही गावात एखादी गढी, एखादा वाडा खचत असेल. तो वाचवणे सगळ्यांनाच जमणार नाही. पण उतरवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढे विचारून ठेवा: भिंत कुणी रचली, चुना कुणी मळला, विटा कुणी भाजल्या? मालकाचे नाव कागदोपत्री असतेच. बाकीची नावे वहीत लिहा. माझ्या आजोबांचे नाव शेख करीम होते.