साटीनला सहा का चालत नाही

भिवंडीच्या यंत्रमागांवर निघणारं बरंचसं ग्रे कापड साध्या विणीचं असतं. बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून जातो, पुढच्याखालून. साटीन काढायचं तर मागावर निदान पाच हील्ड, म्हणजे ताण्याचे धागे उचलणाऱ्या चौकटी, हव्यात, चारांत भागत नाही. असं का, याचं उत्तर अंकगणितात आहे.

साटीनचा तुकडा भिंगाखाली धरा. ताण्याचा प्रत्येक धागा चार बाण्यांवरून मोकळा धावतो आणि पाचव्याखाली दबतो. चमक येते ती त्या मोकळ्या लांबीमुळे. म्हणून दाबाच्या जागा विखुरलेल्या हव्यात. त्या एकमेकींना लागून आल्या, की तिरपी रेघ उठते आणि कापड जीन्सच्या वळणावर जातं.

चीनमधल्या च्वानचौ बंदराला अरब व्यापारी झैतून म्हणत. साटीन हे नाव तिथून आलं असं मानतात. आपल्याकडचा जुना शब्द अतलस, तोही अरबीच, अर्थ गुळगुळीत. औरंगाबादेत हिमरूच्या जोडीने विणला जाणारा मशरू याच विणीचा: वर रेशीम, अंगाला सूत.

दाबाच्या जागा विखुरण्याचं हे तंत्र विणकरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होतं. आकड्यांत मांडलं फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी, १८६७ साली, ऐन पंचविशीत. हनोईच्या मनोऱ्याचं कोडं काढणारे ते हेच.

पाच धागे घ्या आणि दर ओळीला दोन घरं पुढे सरका: १, ३, ५, २, ४. प्रत्येक धागा एकदाच दबला, लगतचा कुणी लागोपाठ आला नाही. आता सहा घ्या. दोनाने सरकलात तर १, ३, ५ आणि पुन्हा १. सम धागे कधी बांधलेच जात नाहीत, सुटे लोंबतात. तीन आणि चाराचीही तीच गत. एकाने किंवा पाचाने सरकलात तर तिरपी रेघ. पाचापासून पुढच्या सगळ्या संख्यांत अशी अडते ती एकटी सहा. मला हे फार सुंदर वाटतं.

चालणाऱ्या उड्यांतली सर्वांत चांगली कोणती, हा त्यापुढचा प्रश्न. तेरा धाग्यांत दोनाने सरकलं तर ठिपके एका तिरक्या ओळीत दाटतात. पाचाने सरकलं, की ते चौरसांच्या कोपऱ्यांवर बसतात आणि सर्वांत जवळचे दोन ठिपकेही शक्य तेवढे दूर राहतात. कारण ५ च्या वर्गात १ मिळवला की २६ होतात, तेराची दुप्पट.

सहावरही विणकरांनी वाट काढलीच. उडी सारखी ठेवायचीच नाही: १, ३, ५, २, ६, ४, आणि चारावरून पुन्हा एकावर.