सण आपला, सन कुणाचा?

मागच्या व्याख्यानात आपण ज्यू पंचांगातल्या निसान महिन्यापाशी थांबलो होतो. तिथूनच पुढे जाऊ.

सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजात सनाचा प्रश्न फार उशिरा आला. आधी प्रश्न होता सणाचा. ईस्टर नेमका कधी पाळायचा? आशिया मायनरमधली मंडळी तो निसानच्या चौदाव्या दिवशी पाळत, मग वार कोणताही असो. रोमचा आग्रह रविवारचा. इ.स. ३२५ मध्ये निकीयाच्या धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच रविवारी ईस्टर पाळावा असं ठरवलं. पण ठरवणं सोपं, गणित बसवणं अवघड.

वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार काढायचा, म्हणजे चंद्र आणि सूर्य दोघांचा मेळ घालायला हवा. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ बरोबर बसतात. अलेक्झांड्रियाच्या गणितींनी हेच चक्र घेतलं. आपल्याकडे १९ वर्षांत साधारण सात अधिक महिने येतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

आता गंमत पाहा. या कोष्टकांत वर्षं मोजली जात ती रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणाच्या वर्षापासून, म्हणजे इ.स. २८४ पासून. आणि ३०३ साली ख्रिस्ती लोकांचा भीषण छळ सुरू झाला तो याच सम्राटाच्या हुकमानं! सण प्रभूचा, सन मात्र छळणाऱ्याचा.

जुनी कोष्टकं ५३१ ला संपत होती. ५२५ च्या सुमारास रोममध्ये डायोनिसियस एक्झिगुअस हा भिक्षू पुढची कोष्टकं करायला बसला. छळवाद्याची आठवण आपल्या कोष्टकांत नको, असं त्यानं म्हटलं आणि पहिलं वर्ष लिहिलं ते ख्रिस्तजन्मापासूनचं ५३२ वं. त्याचा हिशेब थोडा चुकलाच. हेरोद राजाचा मृत्यू बहुतेक इतिहासकार इ.स.पूर्व ४ मध्ये धरतात, आणि मत्तयच्या शुभवर्तमानानुसार येशूचा जन्म त्याच्या हयातीतला.

इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांनी वेगळी वाट धरली. वर्षांचे आकडे तेच, २८४ पासूनचे ठेवले; पुढे नाव मात्र दिलं ‘हुतात्म्यांचा शक’. कॉप्टिक चर्च आजही तो वापरतं.

एकानं जुलमी राजाचं नाव पुसलं. दुसऱ्यांनी तीच वर्षं त्याच्या बळींच्या नावे केली. स्मृतीशी अधिक प्रामाणिक कोण? आपण प्रत्येकानं यावर विचार करावा. डायोनिसियसचा सन इंग्लंडच्या बीडनं ७३१ साली इतिहासलेखनात कसा रुजवला, ते पुढच्या वेळी पाहू.