वऱ्हाडातील मर रोग आणि जमिनीतील जिवाणू : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वऱ्हाडच्या कृषी इतिहासात कापसाचे भाव, दुष्काळ आणि कर्जबाजारीपणा यांची चर्चा विपुल झाली आहे. मर रोगाचा इतिहास मात्र वनस्पतिरोगशास्त्राच्या अहवालांतच राहिला. मध्य प्रांतातील कापसावरील मर इव्हान्स यांनी १९०८ साली नागपूर येथून नोंदविली. तुरीच्या मर रोगाच्या बुरशीस बटलर यांनी १९१० मध्ये फ्युजेरियम उडम हे नाव दिले. फ्युजेरियम बुरशी मातीत राहते, मुळातून शिरते आणि झाडाच्या जलवाहिन्या बंद करते. त्यामुळे पानांवरील फवारणी तेथवर पोहोचत नाही आणि रोगप्रतिकारक वाण शोधणे हाच त्या काळी मार्ग ठरला.

कापसापुरता हा प्रश्न पुढे सुटला, परंतु तो रोगशास्त्रामुळे नव्हे. गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून देशी कापूस मागे पडून अमेरिकन कापूस आला. भारतातील मर रोगाची बुरशी देशी कापसावर येते, अमेरिकन कापसावर येत नाही. तूर व हरभरा यांची मात्र अशी सुटका झाली नाही. सोयाबीननंतर त्याच शेतात दरवर्षी हरभरा घेण्याची पद्धत रूढ झाल्यावर बुरशीला यजमान पीक सतत मिळत गेले. हरभरा नसतानाही ती मातीत सुमारे सहा वर्षे टिकते. फुलोऱ्यात उभे पीक वाळले, तर कोरडवाहू रब्बीत दुबार पेरणीस ओल उरलेली नसते. शेतकऱ्याचा हंगामच जातो.

जिवाणूंचा विचार या टप्प्यावर महत्त्वाचा ठरतो. मुळांभोवतीचे स्युडोमोनास जिवाणू लोह धरून ठेवणारी द्रव्ये सोडतात व रोगकारक सूक्ष्मजीवांना लोह मिळू देत नाहीत, हे कॅलिफोर्नियात क्लोपर व सहकाऱ्यांनी १९८० साली मांडले. १९९५ मध्ये कोइमतूरच्या विद्यासेकरन व मुथमिलन यांनी स्युडोमोनास फ्लुरोसन्सची शंखजिऱ्याच्या भुकटीतील बीजप्रक्रिया प्रसिद्ध केली. ती हरभऱ्याच्या मर रोगासाठीच होती, ही बाब वऱ्हाडच्या दृष्टीने दुर्लक्षिता येणार नाही. येथील काळी जमीन बहुतांशी चुनखडीयुक्त आहे, सामू आठच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे. अशा मातीत उपलब्ध लोह कमी असते आणि लोहासाठीची स्पर्धा तीव्र होते. निदान तत्त्वतः ही माती जिवाणूंच्या बाजूची आहे.

अकोल्यात १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या सहभागातून पुढे आलेला जाकी ९२१८ हा मर-प्रतिकारक हरभरा शेतकऱ्यांनी चटकन स्वीकारला. वाण बियाण्यातच असतो, त्याला वेगळे सांभाळावे लागत नाही. जिवाणू सांभाळावा लागतो. बॅसिलस बीजाणू तयार करून उष्णता सोसतो, स्युडोमोनासला ती सोय नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो. त्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली राहिलेले पाकीट जूनमध्ये तुरीच्या बियाण्याला चोळले, तर त्यात जिवंत जिवाणू किती उरले, हे पाकिटावरील मजकुरावरून कळत नाही.