४२.३४ मीटरवर चिमूर

मोहर्लीहून ताडोबाचं जंगल ओलांडलं की पलीकडे चिमूर. १६ ऑगस्ट १९४२ला तिथे उठाव झाला. मग फौज आली. बायकांवरही अत्याचार झाले. वर्तमानपत्रांवर बंधनं होती. तरीही ही हकीकत देशाला ऐकवली मुंबईच्या गुप्त काँग्रेस रेडिओने, ४२.३४ मीटरवर.

३००ला ४२.३४ने भागा, सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ येतात. म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा ४० मीटरचा पट्टा! या पट्ट्यातली लहर वातावरणाच्या वरच्या थरावरून परत येते. दिवसा काही शे किलोमीटर, रात्री त्याहून खूप लांब. निवड अडाण्याची नव्हती.

उषा मेहता सर्वांना ठाऊक आहेत. ट्रान्समीटर जुळवणारे नरिमन प्रिंटर फारसे कुणाला आठवत नाहीत. १२ नोव्हेंबरला, पकडले गेल्यावर, पोलिसांना केंद्रापर्यंत नेलं तेही त्यांनीच.